हात मागे

कार्यानुभवाच्या तासाला बाकीची पोरं उड्या मारत जायची आणि मी जीव मुठीत धरून. आठवीला शिवणकाम होतं, ते बरं होतं. सुई फार तर बोटाला टोचते. नववीत इलेक्ट्रिकचं काम आलं आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. विजेची मला लहानपणापासून धास्ती. आमच्या हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या घरात जिन्याखाली मीटरचा बोर्ड होता, तो सतत गुणगुणायचा. त्याच्यासमोरून मी पळत जायची. प्लग लावणं, काढणं ही कामं आईकडे किंवा बाबांकडे. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." मला राक्षस चालला असता, तो निदान दिसतो तरी.

शाळा मराठी, पण हा तास घेणारे सर दखनी उर्दू बोलायचे. आम्हाला कळायचं सगळं, गल्लीत तीच भाषा होती. बारीक चणीचे, पन्नाशीचे, आणि मी पाहिलेला पहिला मोठा माणूस जो माझ्याइतकाच विजेला घाबरायचा. टेस्टर हातात घेण्याआधी ते तळवे पँटला पुसायचे आणि बराच वेळ पुसत राहायचे. बोर्ड बंद केला की पुन्हा जाऊन बघायचे, खरंच बंद आहे ना. मुलं मागे त्यांची नक्कल करायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा म्हणाले, "हसो. जो डरता उसेच काम आता. नहीं डरता सो पहले मरता."

होल्डर जोडणं, वायर सोलणं हे सगळं त्यांनी शिकवलं, पण त्यांचा खरा धडा वेगळा होता. एक मुलगा लोखंडी टेबलाला हात लावून करंट लागल्याचं नाटक करायचा. दुसऱ्याने वर्गाच्या दारातून आत यायचं आणि त्याला सोडवायचं. आत येणारा हटकून धावत जाऊन त्याला धरायचा. की सर ओरडायचे, "मर गया! लेट जाओ!" मग त्याने तास संपेपर्यंत जमिनीवर मेल्यासारखं पडून राहायचं. नियम एकच होता. आधी दोन्ही हात मागे घ्यायचे, एकमेकांत अडकवायचे. मग डोळ्यांनी शोधायचं, वीज कुठून येते. "पहले हाथां पीछे! हाथांच मारते आदमी को!" तास संपायला यायचा तेव्हा निम्मा वर्ग फरशीवर पडून खिदळत असायचा.

मी कधीच मेले नाही. माझी पाळी आली की मी दारातच गारठून जायची, पाऊल पुढे पडायचंच नाही. सर म्हणायचे, "इस बच्ची को देखो." वर्ग हसायचा. शाबासकी कशाची मिळतेय हे मला ठाऊक होतं, त्यामुळे लाजच वाटायची.

त्याच वर्षीचा उन्हाळा. परीक्षा संपली होती. आमच्या गॅलरीत खिडकीला लावलेला लोखंडी कूलर होता, गावात घरोघरी असतो तसा. तो थोडा चावायचा, हात लागला की झिणझिण्या यायच्या. हैदराबादेत कूलर चावतो हे कुणाला नवल वाटत नाही. "चप्पल घाल की," एवढंच म्हणतात. आणि पाणी भरायचं तेही कूलर चालू ठेवून, कारण बंद केला तर तेवढ्यात खोली तापते. आई रोज दुपारी तसंच भरायची, पाइप लावून.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत लोळत होते. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि येतच राहिला. मी हाक मारली, उत्तर नाही. उठून गॅलरीच्या दारात गेले.

आई उभी होती. डावा हात कूलरच्या पत्र्यावर, पाइप खाली पडलेला, पाय अनवाणी, सगळीकडे पाणी. तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. वर्गातली मुलं टेबलाला चिकटली की केवढ्याने किंचाळायची! खऱ्या माणसाला ओरडता येत नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त डोळे हलत होते, आणि ते माझ्याकडे होते.

माझे हात मागे गेले. मी नेले की आपोआप गेले, मला आजही सांगता येत नाही. बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली की दुखायला लागली. पाणी उंबऱ्यापाशी येत होतं, मी मागे सरकले. माझी आई माझ्यासमोर मरत होती आणि मी तिच्यापासून मागे सरकले. मग तिच्याकडे पाठ करावी लागली. प्लग खोलीत होता, पलंगामागे. वळताना वाटलं, पुन्हा बघेन तेव्हा ती नसेल.

बटण बंद केलं. पंख्याची घरघर थांबली. खिडकीत कूलरच्या बाजूने बघितलं, तर आई तशीच चिकटलेली. सर म्हणाले होते, बटणावर भरोसा ठेवायचा नाही, जुन्या घरांत तारा उलट्या जोडलेल्या असतात, बटण बंद केलं तरी वीज येत राहते, प्लग उपसायचा. प्लगला तडा गेलेला, चिकटपट्टी गुंडाळलेली. आयुष्यात मी एकही प्लग काढला नव्हता. उशीचा अभ्रा ओढला, हाताला गुंडाळला, डोळे मिटले आणि ओढला.

गॅलरीत काहीतरी जड पडलं.

ती वाचली. हाताची तीन बोटं भाजली होती, कोपर खरचटलं होतं. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, नशीब. संध्याकाळी शेजारीपाजारी जमले, जो तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता, "पोरीने आईला वाचवलं." आई भिंतीला टेकून बसली होती. भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत होती.

नंतर एकदा ती मावशीशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "ही दारात उभी होती बघ. हात मागे बांधून, पाहुणी आल्यासारखी." बाबांनी तिला समजावलं, हात लावला असता तर दोघी गेल्या असत्या. तिने मान डोलावली. माझ्यापाशी तिने हा विषय काढला नाही आणि मी विचारलं नाही. विजेची भीती पुढे कमी झाली, आता घरातला फ्यूज मीच बघते. पण आई त्या उभ्या राहण्याबद्दल एक दिवस मला विचारेल, ही भीती घर करून बसली. विचारलं तर काय सांगणार होते? शिकले म्हणून थांबले की घाबरले म्हणून, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

आई आता माझ्याकडेच असते, हिमायतनगरला. या उन्हाळ्यात आम्ही दोघी लोणच्याच्या कैऱ्यांच्या फोडी पुसत बसलो होतो. खालच्या मजल्यावर कुणीतरी कूलर आणल्याची गोष्ट निघाली. मी म्हणाले, त्यांना सांगायला पाहिजे, बंद करून पाणी भरा म्हणून. आई म्हणाली, "हौ, सांग." मग फोड पुसता पुसता, मान वर न करता म्हणाली, "तेव्हा मला सगळं कळत होतं बरं का. मी देवाला एकच म्हणायले होते, हिला पुढे येऊ देऊ नको. हिला हात लावू देऊ नको."

इतकी वर्षं मी उगाच भ्याले, असं वाटून मला रडू यायला लागलं.

"आणि तू नाही आलीस," आई म्हणाली. "तरी तेव्हा मला फार वाईट वाटलं गं."