काकी स्टोव्हशी बोलायची

मी अक्षरं शिकले ती संपाच्या पत्रकांवर. बाबा कापडगिरणीत, मागांच्या साचेखात्यात, आणि आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतली बरीचशी पत्रकं त्यांच्याच हातची. 'कामगाराला विचारल्याशिवाय घेतलेला निर्णय आम्ही मानणार नाही' हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. संप नक्की कधी संपला हे आजही कुणाला धड सांगता येत नाही. गिरणीचं गेट मात्र बाबांना आणि काकांना पुन्हा उघडलं नाही.

घर तगलं ते काकीच्या मसाल्यावर. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तिचा मालवणी मसाला आधी चाळीत खपला, मग परळला, मग दादरच्या एका दुकानात जाऊ लागला. आई आणि काकी मिरची वाळवायच्या, बाकीचा मसाला भाजायच्या, काका पोती लालबागच्या डंकावर नेऊन कुटून आणायचे. बाबा गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि कधी कुटायचं ते ठरवायचे. हे त्यांच्याकडे कसं गेलं कुणास ठाऊक. घरातले थोरले होते, तेवढं पुरलं असावं.

आमच्यात एक रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोने मोठ्या दिराशी तोंड उघडून बोलायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून काकी बाबांशी एक शब्द बोललेली नव्हती, तेही दहा बाय बाराच्या खोलीत राहून. काही सांगायचं असलं की ती स्टोव्हकडे बघायची. "कोणाक चाय व्हयी तर आत्ताच सांगा." बाबा कॅलेंडरकडे बघून म्हणायचे, "अर्धा कप." पाहुण्यांना याची गंमत वाटायची. मलाही वाटायची, मसाल्याचा धंदा सुरू होईपर्यंत.

एका वर्षी होळीच्या सुमारास दादरच्या दुकानदाराने नेहमीच्या दुप्पट माल मागितला. बाबा हरखले. मिरची गच्चीवर पसरून दोनच दिवस झाले होते आणि अवेळी आभाळ आलं होतं. काकीने एक मिरची मोडून पाहिली. ती मोडली नाही, वाकली. काकी खाली आली आणि स्टोव्हकडे तोंड करून स्वच्छ म्हणाली, "मिरची आजून ओली आसा. तिका दोन दिवस ऊन व्हया."

बाबा चार हातांवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. काकांनीही ऐकलं, पण थोरल्या भावाला उलट सांगायची त्यांची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोती डंकावर गेली.

थोड्याच दिवसांत सगळा माल दादरहून परत आला. मसाल्याचे गोळे झालेले, आत बुरशी. बाबांनी एक पुडी फोडली आणि ओरडले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही पेपर वाचत होतात."

"मला नाही सांगितलं. स्टोव्हला सांगितलं."

काका हसले. आईलाही हसू आवरलं नाही. काकी मात्र उठली आणि खाटेखालची आपली ट्रंक पुढे ओढली. "पुढचो माल माका इचारल्याशिवाय कुटलो गेलो, तर मी गावाक जातलंय," ती स्टोव्हला म्हणाली.

काकी गेली असती तर धंदा गेला असता, कारण मसाल्याचं प्रमाण तिच्या हातात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. तरीही दादरला बदली माल द्यायला नवी मिरची वाळत पडली आणि बाबांनी काकांना परस्पर सांगून टाकलं, "मंगळवारी डंकावर नंबर लाव."

त्या दुपारी मी फुलस्केप कागद घेतला आणि पत्रक लिहिलं. 'मसाला कामगारांची एकच मागणी! मिरची वाळली की नाही हे ती हाताळणारी बाई ठरवील, आणि व्यवस्थापनाने तिचं म्हणणं समोरासमोर ऐकावं. तोपर्यंत भाजणं बंद.' भाताची खळ लावून ते आमच्याच दारावर चिकटवलं. घटकाभरात गॅलरी भरली.

"काय रे," शेजारचे एक म्हातारे कामगार बाबांना म्हणाले, "तुझ्या घरात संप? म्हणजे आता तू मालक झालास!"

बाबांना आयुष्यात इतकी मोठी शिवी कुणी दिली नसेल. त्यांनी पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. "आधी चर्चा करायची असते," ते मला म्हणाले, "चिकटवायचं शेवटी."

"काकीला चर्चेला कसं बोलावणार होता? कॅलेंडरला सांगून?"

"गप गो, घर मोडशील!" आई म्हणाली. पण हातातलं उलथणं तिने खाली ठेवलं आणि ती काकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

काकीने पदर सावरला आणि बाबांकडे पाहिलं. "भावोजी, मिरची मोडून बघा. वाकली तर ती ओली. ओली कुटूची नाय."

गॅलरीत कुणीतरी "अगो बाय माझे!" म्हणालं. बाबा गच्चीचा जिना चढले. मागोमाग आम्ही सगळे. त्यांनी एक मिरची उचलली. वाकली. दुसरी घेतली. तीही वाकली.

"वाकते," ते म्हणाले. काकीला म्हणाले. "मग कधी कुटायची?"

"शनवारी."

या प्रकाराबद्दल गावाहून आत्याचं पत्र आलं. मी शिकून घराची मर्यादा घालवली, असं त्यात होतं. हो, घालवली. जी मर्यादा राखण्यासाठी जाणत्या बाईने भांड्याकुंड्यांशी बोलायचं, ती मी पुन्हा घालवीन, आणि पुन्हा दारावर चिकटवूनच घालवीन. आत्याला मी हेच लिहिलं, जाड अक्षरात.

शनिवार उजाडला. काका पोती बांधायला बसले. बाबा काकीसमोर येऊन उभे राहिले आणि विचारलं, "नेऊ?" तिने मिरची मोडली, अर्धी कानाशी धरली, पुन्हा मोडली. "नाय," ती म्हणाली. "उद्या."

डंकावरूनच माल न्यायला आलेला दादरच्या दुकानाचा माणूस खाली खोळंबून उभा होता. बाबा कठड्यावरून वाकले आणि त्याला ओरडून म्हणाले, "उद्या या. आमच्या बाई नाही म्हणतायत."