बाबांच्या शब्दांची पानं

दारव्ह्याचा चारुदत्त हुशार, हे कोणीही सांगेल. पण हुशारीला हट्टाची जोड मिळाली की माणूस स्वतःच्या हाताने काय घालवून बसतो, तेही त्याच्याकडे पाहूनच कळतं.

पुण्याच्या एका प्रकाशनाची पुस्तकं घरी बसून संगणकावर तयार करायची, हे त्याचं काम. वडील कमलाकरराव तहसीलच्या नोकरीत उमरखेड, महागाव करत फिरलेले. जातील तिथे लोकांच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द ते जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर टिपत. शब्द, अर्थ आणि सांगणाऱ्याचं नाव. अशा चार हजार चिठ्ठ्या झाल्या. हृदय थकलं, डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत सांगितली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुस्तक झालेलं पाहीन म्हणतो."

चिठ्ठ्या चारुदत्तने एक्सएमएलमध्ये, म्हणजे शब्द, अर्थ, नाव संगणकाला वेगवेगळे कळतील अशा खुणा करून, भरलेल्या होत्याच. आता त्याने स्टाइलशीट, म्हणजे त्यातून पानं कशी मांडायची याच्या सूचनांची फाइल, लिहिली. तिने एक अनुक्रमणिका काढायची आणि दर अक्षराचं वेगळं पान. पानं एक फोल्डर वर जाऊन 'पानं' नावाच्या फोल्डरात ठेवायची. आई शीलाताईंनी बजावलं होतं, पहिली प्रत देवापुढे. या घरात नवी वहीसुद्धा देवापुढे ठेवल्याशिवाय वापरात येत नसे. म्हणून त्याने अनुक्रमणिका थेट पेन ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात उतरवली.

यंत्राने एकही चूक दाखवली नाही. अनुक्रमणिका उघडली, पण कुठल्याही अक्षरावर दाबलं तरी पान सापडेना. स्टाइलशीट जिथे होती तिथून त्याने एक फोल्डर वर जाऊन पाहिलं. काही नव्हतं. पेन ड्राइव्ह शीलाताईंनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, आणि चारुदत्तने सगळा दोष स्टाइलशीटला देऊन ती मुळापासून पुन्हा लिहायला घेतली. धंद्यातल्या कोणालाही फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण विचारायचं कसं? वीस वर्षं लोक त्यालाच विचारत आले होते.

रोज दुपारी खाटेवरून आवाज यायचा, "झालं काय रे?"

"होऊन राह्यलं, बाबा."

एकदा ते म्हणाले, "चार चिठ्ठ्याच वाचून दाखव ना मले. कायले थांबतो?"

"नीट झाल्यावरच दाखवतो. दोन दिवसांनी काय बिघडते?"

कमलाकररावांनी मान हलवली आणि कूस बदलली. काम सुरू केल्याच्या तेराव्या दिवशी सकाळी, चहा निवत असताना ते गेले.

चौदावं उरकल्यावर शीलाताईंनी देव पुसायला घेतले आणि पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिली. त्याने ती लावली. अनुक्रमणिकेच्या फोल्डरबाहेर, एक पायरी वर, 'पानं' दिसत होतं. आत सगळी अक्षरं ओळीने. पानं ठेवायचा पत्ता स्टाइलशीटपासून नव्हे, अनुक्रमणिका जिथे उतरवली तिथून मोजला गेला होता; अनुक्रमणिकेतली अक्षरं मात्र पानं संगणकावरच शोधत होती. एवढंच.

त्याने 'भ' उघडलं. 'भेदरं : टोमॅटो. सांगणारी बेबीताई, फुलसावंगी, आठवडी बाजार.' शीलाताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे कधी झालं?"

खोटं बोलायला जागा होती. पण फाइलीवरची तारीख समोर दिसत होती.

"सोळा तारखेले. पहिल्याच दिवशी."

शीलाताई म्हणाल्या, "सोळा तारखेले ते उठून बसले होते. चष्मा मागितलता माह्याजवळ."