अठ्ठावीस लिटर ज्वारी

मुळ्येकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते लाकडी पेटीत ज्वारी ओतत होते. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टॉवरच्या मागच्या गल्लीत, एका मोटारीच्या गॅरेजला लागून त्यांचं गाड्यांत गाण्याचे सेट बसवायचं दुकान होतं. पुढ्यात नवी कोरी प्लायवूडची पेटी, तिच्या तोंडाला ताटाएवढं गोल भोक, आणि काका दुधाच्या लिटरच्या मापाने ज्वारी भरून, माप बोटाने सपाट करून आत रिकामं करत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, चुकून धान्याच्या दुकानात आलो. तीस मापं झाल्यावर त्यांनी पेटी हलवली, ज्वारी काठाला आली, आणि मग त्यांनी मान वर केली.

"माझ्याकडे तोंड करून बोला," ते म्हणाले. माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

ती नव्वदीच्या मधली वर्षं. परदेशी कॅसेट-डेक, अ‍ॅम्प्लिफायर, बासचे मोठे स्पीकर दिल्लीहून उज्जैनला यायला लागले होते आणि ज्याच्याकडे गाडी तो डिकीत काहीतरी बसवून घेत होता. मी बँकेत होतो, चौतिशीचा होतो आणि नुकतीच आठशे सीसीची जुनी गाडी घेतली होती. मला दणदणाट नको होता. तरुणपणी मी तबला शिकलो होतो, माझ्याकडे तबल्याच्या कॅसेट होत्या, आणि गाडीतल्या टीचभर स्पीकरवर तबला तेवढा ऐकू यायचा, डग्गा गायब. मला डग्गा हवा होता. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "बरं झालं. बाकीचे येतात ते काचा हलल्या पाहिजेत म्हणतात."

मी आकडे मांडून नेले होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर बाराशे वॅट लिहिलं होतं, तो मी पसंत केला होता. काकांनी खोकं बाजूला सारलं. "आगाशेजी, खोकं नका दाखवू, फ्यूज दाखवा." फ्यूज पंचवीस अँपियरचा होता. "बॅटरी बारा व्होल्टची. पंचवीस गुणिले बारा किती?"

"तीनशे."

"त्यातले निम्मे तापण्यात गेले. राहिले दीडशे. बाराशे कुठून आणणार, घरून?"

पेटीचंही तसंच. चव्वेचाळीस सेंटिमीटर रुंद, चौतीस उंच, अठ्ठावीस खोल; मी हिशेब करून बेचाळीस लिटर सांगितले. काकांनी माझा कागद उलटा करून परत दिला. "तुम्ही लाकूडपण मोजलंत. हवा आत असते." प्लायची जाडी अठरा मिलिमीटर, ती दोन्ही बाजूंनी वजा केली तर तीस लिटर उरत होते. "त्यातून स्पीकरची पाठ आणि चुंबक दोन लिटर खातो. राहिले अठ्ठावीस. तुमच्या दहा इंची स्पीकरला बंद पेटीत तेवढेच लागतात. पेटी मोठी झाली तर स्पीकर सैल पडतो, लहान झाली तर एकाच सुरावर गुरगुरतो. डग्ग्याला दोन्ही चालत नाही." कागदावरच्या हिशेबावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण आत पट्ट्या येतात, कोपऱ्यात सरस येतो, म्हणून प्रत्येक पेटी ते ज्वारीने मोजायचे. आकडेमोड ही माझी रोजीरोटी. ज्वारीच्या मापाने माझा कागद खोटा पाडणारा माणूस मला तिथेच आवडून गेला.

काका सत्तावीस वर्षं कपडा मिलमध्ये होते, लूमच्या, म्हणजे मागांच्या खात्यात फिटर. मिल बंद पडली तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. हे दुसरं काम त्यांनी स्वतःच उभं केलं होतं. "तिसरं शिकायचं वय राहिलं नाही," असं ते एकदा सहज बोलून गेले.

त्या दुकानाच्या दोन सवयी होत्या. गाणं लावलं की काका पेटीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि हातानेच सांगायचे, "डावीकडचा जोड सुटतोय, वारा जातोय." तो जोड खरंच सुटलेला असायचा. दुसरी सवय त्यांच्या बायकोची, काकूंची होती. दुपारी डबा घेऊन त्या नानाखेड्याहून यायच्या आणि जी गाडी तयार असेल तिच्या पुढच्या सीटवर दोन मिनिटं बसायच्या. ड्रायव्हर इंजिन चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, काकू बाहेर बघत बसायच्या, मग उतरून डबा उघडायच्या. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, बाईंना गाण्याची हौस आहे. मलाही तेच वाटायचं.

त्या वर्षी काकू मुलीच्या बाळंतपणाला खंडव्याला गेल्या, दोन महिन्यांसाठी. आणि त्याच सुमारास नानाखेड्याच्या बस स्टँडजवळचे ट्रॅव्हल्सवाले भंवरजी काकांकडे आले. त्यांच्या आठ गाड्या यात्रेकरूंना घेऊन ओंकारेश्वरला जायच्या. आठही गाड्यांत सारखा सेट बसवायचा होता. काकांना एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. पहिली गाडी तयार झाली, गेली, आणि तिसऱ्या दिवशी परत आली.

मी तेव्हा दुकानातच होतो. रविवार होता, माझी पेटी बसवायची होती. साडेतीनला भंवरजी स्वतः ड्रायव्हरसोबत गाडी घेऊन आले. मोठ्या अंगाचा माणूस, पण आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची.

"मुळ्येजी, इसमें सीटी बज रही है. कल एक माताजी ओंकारेश्वर तक कान पे हाथ रख के बैठी रहीं. पाँच बजे राम घाट से सवारी उठानी है. अभी ठीक करो, नहीं तो सातों गाड़ियाँ मैं इंदौर भेज देता हूँ."

काका गाडीत बसले. गाणं लावलं, मागच्या पेटीवर हात ठेवला. इंजिन चालू होतं. मी दाराशी उभा होतो, मला शिट्टी स्वच्छ ऐकू येत होती. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची, सोडला की उतरायची. दारांतल्या छोट्या स्पीकरमधून येत होती, बारीक, दातांत सुई फिरवावी तशी.

काकांनी हात उचलला. "बास साफ है. कुछ नहीं है भंवरजी."

"कुछ नहीं है?"

"कुछ नहीं."

भंवरजींनी ड्रायव्हरला खूण केली. शिट्टी किंचाळत वर गेली. समोरच्या पानवाल्याने मान वळवली. काकांचा चेहरा तसाच होता. ते स्पीकरकडे बघत नव्हते. ते आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते, कुणाचं काय आकसतंय ते शोधत होते. त्या क्षणी मला कळलं. 'माझ्याकडे तोंड करून बोला.' हलणारे ओठ. काकूंची दोन मिनिटं. सत्तावीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे वरचे सूर केव्हाच गेले होते. खालचे शाबूत होते, आणि हातालाही कळत होते. सेट बसवणाऱ्याला वरचं ऐकू येत नाही ही गोष्ट फ्रीगंजमध्ये फुटली, तर त्या दुकानात पुन्हा कोण येणार होतं?

भंवरजींनाही काहीतरी दिसलं असावं. त्यांचं खातं आमच्याच बँकेत होतं; ते काकांना सोडून माझ्याकडे वळले.

"आगाशेजी, आप बैंक के आदमी हो. सच बोलोगे. इनको सुनाई देता है कि नहीं?"

काका माझ्यापासून चार हातांवर होते. माझं उत्तर त्यांना ऐकू गेलं नसतं तरी दिसलं असतं. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. जमत नाही, हे त्याचं मुख्य कारण. 'येतं' म्हणावं तर भंवरजींच्या गाडीत ती शिट्टी राहणार. 'नाही' म्हणावं तर एका शब्दात दुकान बंद. घड्याळात तीन पन्नास झाले होते.

"हे त्यांनाच विचारा," मी म्हणालो. मराठीत म्हणालो, सावकाश, काकांकडे तोंड करून.

काकांनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "नीचे का सब सुनता हूँ भंवरजी," ते म्हणाले. "ऊपर का नहीं. लूम में गया."

"तो आज तक ऊपर का कौन सुनता था?"

"घरवाली."

"कहाँ है?"

"खंडवा. बेटी की डिलिवरी है."

भंवरजींनी घड्याळ बघितलं. ड्रायव्हर हसायला लागला होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं, तो गप्प झाला. "तो आज कौन सुनेगा?"

मी गाडीत जाऊन बसलो. त्यात मोठेपणा नव्हता. तिथे धड कान असलेला आणि रिकामा माणूस मी एकटाच होतो.

काका म्हणाले, "शिट्टी असेल तर हात वर. गेली की खाली. बोलू नका, मी खाली वाकलेलो असेन, तोंड दिसणार नाही." लूमच्या खात्यात सगळे हातांनीच बोलायचे, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी डेककडून अ‍ॅम्प्लिफायरकडे गाणं नेणाऱ्या तारा उपटल्या. शिट्टी थांबली. माझा हात खाली. "म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष. डेककडून येतेय." तारा पुन्हा लावून ते डॅशबोर्डखाली शिरले. दहा मिनिटं नुसते पाय दिसत होते. डेकची अर्थिंगची तार जुन्या रेडिओच्या तारेला पिळलेली निघाली. "हे मीच केलं," ते आतूनच म्हणाले. "घाईत." ती तार कापून, लांब करून, मागे अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या बोल्टपर्यंत नेली. डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर, दोघांचं अर्थिंग एक केलं. बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला.

साडेचार वाजले. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. शिट्टी नव्हती. भंवरजींनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि दार लावायला हात घातला. माझा हात खाली होता. मग ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि अगदी बारीक, पुसट, ती होती. भंवरजींना ऐकू आली नव्हती. काकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला लागली होती. माझा हात मांडीवर होता, आणि तिथेच राहिला असता तर कुणालाही काही कळलं नसतं. निदान ओंकारेश्वरच्या वाटेवरचा चढ लागेपर्यंत तरी.

मी हात वर केला. पूर्ण नाही, निम्मा.

काकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी विचारलं एवढंच, "किती राहिलीय?"

मी बोटाचं एक पेर दाखवलं.

"मग तारा शेजारी आहेत कुठेतरी," ते म्हणाले आणि मागची सीट उचकटायला लागले. बॅटरीची जाड तार गाडीच्या एका बाजूने आणि गाण्याच्या तारा दुसऱ्या बाजूने न्यायच्या, हा त्यांचा नेम. या गाडीत स्टेपनी आड आली म्हणून सीटखाली वीतभर दोन्ही एकत्र बांधल्या होत्या. त्यांनी ती बांधणी कापली, गाण्याच्या तारा ओढून पलीकडे नेल्या. घाईत चिमटा दोनदा पडला. "लगाओ," ते ओरडले. ड्रायव्हरने पूर्ण दाबला. मी श्वास रोखून ऐकलं, मग पुन्हा एकदा ऐकलं, मग हात खाली केला आणि खालीच ठेवला.

पाचला बारा कमी. भंवरजी गाडीत बसताना म्हणाले, "बाकी सात भेजूँगा. लेकिन ऊपर का ये सुनेंगे." हे म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही.

सात गाड्या, दर रविवारी एक. पाच रविवार मी बसलो. मग काकू नातवाची बातमी घेऊन परतल्या, उरलेल्या दोन त्यांनी ऐकल्या, आणि मी पास केलेल्यांपैकी एक गाडी स्टँडवर ऐकून परत बोलावली. "आगाशेजी, दुसऱ्या नंबरच्या गाडीत सोडलीत तुम्ही थोडीशी," त्या म्हणाल्या. "तबला वाजवता ना?"

काकांनी त्यानंतर दुकानात हिंदीत एक पाटी लावली: 'ऊपर की आवाज़ गाड़ी-मालिक खुद जाँच लें.' गल्लीत थट्टा झाली, काही गिऱ्हाइकं गेली. काकांनी पाटी काढली नाही. "आधी दिवसभर लोकांची तोंडं वाचून मान दुखायची," ते मला म्हणाले. "आता जे ऐकू येत नाही ते दोनदा विचारतो." त्या रविवारबद्दल मात्र ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आभार नाही, तक्रार नाही. माझी पेटी राहिली होती ती भंवरजींची आठवी गाडी झाल्यावर बसवली. घरी येताना डग्गा ऐकू आला. मनगट घासून काढलेली मींड पोटात जाणवली.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. ती गाडी मी विकली, पेटी मात्र काढून ठेवली आणि पुढच्या गाडीत लावली. मागच्या वर्षी स्पीकरच्या कडेचं रबर फाटलं. नवा बसवायचा म्हणून मी घरीच आठ स्क्रू काढून स्पीकर उचलला. तळाच्या कोपऱ्यात, सरसात अडकलेले ज्वारीचे चार-पाच दाणे होते. आणि मागच्या फळीवर, जिथे पेटी मोडल्याशिवाय किंवा स्पीकर काढल्याशिवाय कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं:

'२८ लिटर. खालचं ऐकलं, मुळ्ये. वरचं ऐकलं, आगाशे.'

नवा स्पीकर बसवण्याआधी मी ज्वारी आणली, लिटरच्या मापाने मोजून पाहिली. तीस मापं, त्यातली दोन स्पीकरची. काठाला आली.