कोटेशनकाका आणि आखूड अभ्रे

दारात भाजीवाली आली की कोटेशनकाका कोथिंबिरीचा भाव विचारून आत जात. दुसरीला विचारत, तिसरीलाही विचारत, मगच घेत. काकू आतून ओरडत, "कचेरी कचेरीत ठेवा, माझं सांबार उतरलं!" तंजावुरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारलेली मला आठवत नाही.

ते सरकारी वसतिगृहांच्या कचेरीत भांडाराचे कारकून होते. यजमान गेल्यावर मी शिवण घेऊ लागले. उशांच्या अभ्र्यांचं टेंडर निघालं तेव्हा तिण्णैवर, म्हणजे दारच्या ओट्यावर बसून काकांनी मला समजावलं.

"सरकार तीन तऱ्हांनी घेतं. एक लग्नाच्या जेवणासारखं. एवढी पानं, एवढे पैसे, संपलं. दुसरं दूधवाल्यासारखं. दर वर्षभर तोच, लागेल तेव्हा लागेल तेवढं घालायचं. तिसरं आचाऱ्यासारखं. सामान आपलं, हात त्याचा."

"माझं कुठलं?"

"दूधवाल्याचं. कापडासकट दर. विचार करून लिही."

मी भीतीपोटी फार कमी दर लिहिला. पाकीट टाकलं त्या दिवसापासून काका आमच्या ओट्याकडे फिरकले नाहीत. रस्त्यात दिसले तरी छत्री आडवी धरत. मला राग आला होता. मग कचेरीत सगळ्यांसमोर पाकिटं फोडली, दर मोठ्याने वाचले आणि काम मला मिळालं.

त्या वर्षांत बाजार खुला झाला म्हणत. आमच्याकडे कापड दर महिन्याला महागत होतं. त्यातच कचेरीची मोठी मागणी आली. परवडत नाही हे सांगायची मला लाज वाटली. मी गुपचूप प्रत्येक अभ्रा दोन बोटं आखूड कापला.

गठ्ठा कचेरीत नेला, तेव्हा काकांनी मोजायला टेप काढलीच नाही. एक उशी आणून अभ्र्यात घातली. तिचं टोक बाहेर राहिलं.

"उशीला थंडी वाजेल," म्हणाले, आणि गठ्ठा परत केला. तंजावुरात थंडी! शिपाई हसला. मी घरी येऊन रडले.

संध्याकाळी काका ओट्यावर आले. मी म्हटलं, "काका, मी काम सोडते."

"मधेच सोडलंस तर पुन्हा सरकारी शिवण मिळायची नाही. साहेबांना सांग, कापड कचेरीने द्यावं, मी शिवून देते."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर गल्लीतली म्हणून सांगितलं होईल. आणि माझी बदली झालीय. पुढल्या वेळी कोण सांगणार?"

आठ दिवस बसून मी प्रत्येक अभ्र्याला पदरच्या पैशांनी आणलेल्या कापडाची पट्टी जोडली. मग गठ्ठा घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. परक्या पुरुषाशी मी कधी मान वर करून बोलले नव्हते. तमिळमध्ये म्हटलं, "सार, चूक माझी. आखूड मीच कापले होते, आता पुरे केलेत. पुढचं कापड तुम्ही द्या, शिवण माझी. एक जरी आखूड निघाला तर काम काढून घ्या."

साहेबांनी दोनतीन अभ्रे ताणून पाहिले. मग कागदावर लिहिलं, राहिलेल्या मागणीचं कापड भांडारातून द्यावं.

बाहेर काका नव्या कारकुनाला किल्ल्या दाखवत होते. ती आमची शेवटची भेट. मी निरोप घ्यायला त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. किल्ल्यांकडेच बघत म्हणाले, "साहेबांचा पंखा फार खडखडतो. तरी सगळं इथपर्यंत ऐकू आलं."