चार बोटं कमी भरलेली कामटी

उरकुडे मॅडम गेल्याची बातमी मला ड्यूटीवर असताना मिळाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर बसते. समोर रांग होती आणि पर्समधला फोन सारखा थरथरत होता. गणपती नुकतेच उठले होते, मला वाटलं विसर्जनाचे फोटो असतील. दुपारी डबा उघडताना पाहिलं, तर शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची ही रांग! भावपूर्ण श्रद्धांजली, खाली गुलाबाचं फूल, त्याखाली दुसऱ्या कुणाचं तेच फूल. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला चीड आली. ज्या बाईनं जन्मभर पोरांना "गाइडातलं उत्तर लिहू नका रे, तुमचं लिहा" म्हणून पिडलं, तिला निरोप देताना एकालाही स्वतःचं वाक्य सुचू नये? मग तणतणत मीच लिहायला घेतलं, तर मलाही सुचेना... दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि डबा तसाच बंद करून पुन्हा खिडकीवर जाऊन बसले.

मॅडम समुद्रपूरच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. बुटक्याशा, जाड भिंगाचा चष्मा, इस्त्री नसलेली सुती साडी. पोरं त्यांना मागून 'तोफखाना' म्हणायची आणि हे त्यांना माहीत होतं. नववीत असताना पुस्तकात एक वाक्य होतं की त्या काळी सैन्याकडे तोड्याच्या बंदुका असत. बास, एवढंच. दुसऱ्या कुठल्याही सरांनी ते वाचून पान उलटलं असतं. मॅडम त्या एका वाक्यावर आठवडाभर थांबल्या. धडे मागं पडले, हेडसर दारात येऊन घड्याळ दाखवून गेले. एक सर तर हसत म्हणाले, "मॅडम, आश्रमाच्या जिल्ह्यात पोरायले बंदुका शिकवून राह्यले तुम्ही?" मॅडमनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हिंसा नको म्हणतो ना आपण सर? मंग ते यंत्र चालते कसं, हे नको का माहीत?" सर चहाला गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी पर्समधून हातभर लांबीची जाड सुती दोरी काढली. काडी ओढून तिचं टोक पेटवलं आणि फुंकर मारून ज्योत विझवली. टोकाशी फक्त एक लाल ठिपका उरला. ती दोरी त्यांनी खिडकीच्या गजाला टांगली आणि म्हणाल्या, "हा तोडा. मी शिकवते, तुम्ही याच्यावर लक्ष ठेवा." आम्ही कसलं शिकणार! सगळा वर्ग त्या ठिपक्याकडे पाहत राहिला. तो विझेना, भडकेना, नुसता मुंगीच्या चालीनं वर सरकत होता. कापूस आमच्या घरादारात, अंथरुणात, नाकातोंडात. पण कापसात असा विस्तव दडून चालतो, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? तास संपला तरी ठिपका जिवंतच होता. तेव्हा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "असा पेटता तोडा बोटात, अन् कमरेले बंदुकीच्या दारूची थैली. असा तो शिपाई दिवसभर चाले. काय वाटत असन त्याले?" त्या दिवशी मधल्या सुटीतही आम्ही जरा जपूनच चाललो.

दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात बांबू घेऊन कवायत झाली. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, मग कापसाचा बोळा, मग गजानं ठासायचं. नळीच्या बुडाशी बाहेरून एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणायचं. कानाशी चिमूटभर बारीक दारू टाकायची, ती रंजक. चाप ओढला की तोडा रंजकीवर टेकतो, रंजक पेटते, जाळ कानातून आत जातो आणि मग बार होतो. आमच्या वर्गातला रवींद्र बंदूकवाला झाला आणि वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून तीन पोरं घोडेस्वार होऊन निघाली. रवींद्र अजून खोटी गोळीच ठासत होता, तोवर पोरांनी येऊन त्याला आडवा केला. हसून हसून पोट दुखलं. मग मॅडमनी आम्हाला तीन रांगांत उभं केलं, एक रांग बार काढेल, मागच्या दोन ठासतील, आणि या वेळी घोडेस्वारांना पोचता येईना. आमचं हसू थांबलं. एक युक्ती, नुसती उभं राहण्याची, आणि लढाईच फिरली! "पावसाळ्यात लढाया काऊन थांबत?" त्यांनी विचारलं. नद्या, चिखल, पेरण्या सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "तोडा वला होईन ना, मॅडम!" मॅडमचा चेहरा असा फुलला की त्या पोराला वर्षभर तेवढं पुरलं असेल.

दसरा दोन दिवसांवर होता. मॅडमनी विचारलं, कुणाच्या घरी जुनं शस्त्र पुजतात का? मी टुणकन उठले. आमच्या घरी बंदूक होती! आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आज्याची. बैठकीच्या खोलीत खुंट्यांवर आडवी ठेवलेली असायची. दसऱ्याला खाली उतरवून पाटावर ठेवायची, नळीच्या तोंडाला कुंकू लावायचं, आणि घरातल्या सगळ्या लेकरांनी त्या तोंडापाशी डोकं टेकवायचं. मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते. "अन् मॅडम, उदबत्ती आम्ही तिच्या कानातच खोसतो." त्या दिवशीच तर कान हा शब्द मला कळला होता, तो वापरायची हौस. मॅडमनी चष्मा काढला. "पेटती?" मी म्हटलं, हो. "अन् आत काय आहे, कोणी पाह्यलं?" मला प्रश्नच कळला नाही. शाळा सुटल्यावर त्या माझ्याबरोबर आमच्या गावच्या एसटीत बसल्या.

आमचं घर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाजारच्या दिवशी समुद्रपूर. घरात शब्द आबाजींचा. नववी झाली की पोरीची शाळा पुरे, असं त्यांनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं आणि बाबांची त्यांच्यापुढं मान वर होत नव्हती. अशा घरात एक मास्तरीण संध्याकाळची येते आणि म्हणते, काकाजी, तुमची बंदूक पाहायची आहे! आबाजींनी पाणी विचारलं, चहा विचारला, आणि मग म्हणाले, "तिले बायका हात नाई लावत, मॅडम."

"ती ठासलेली असन तर?"

"ठासलेली असती तर मले माहीत नसतं काय? पिढ्या झाल्या घरात आहे."

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "काकाजी, तुमच्या आज्यानं ठासून ठेवली असन, अन् कोणाले सांगायचं राह्यलं असन... तर?"

आबाजींनी खुंट्यांकडे पाहिलं. मग उठले आणि स्वतःच्या हातांनी बंदूक उतरवून त्यांनी मॅडमच्या पुढ्यातल्या बाजेवर ठेवली. आजी स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. तिनं त्या घरात जन्म काढला, पण असं घडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी विस्तव विझवायला लावला, देवाजवळचा दिवासुद्धा. नळीचं तोंड मागच्या जाड मातीच्या भिंतीकडे केलं. टोपल्या विणायची एक सरळ बांबूची कामटी मागून घेतली. मग म्हणाल्या, "आता सगळे बाहेर जा. लिंबाखाली." बाबांनी तर म्हशीलासुद्धा सोडून नेलं. आबाजी जाईनात, "माही बंदूक आहे, मी राह्यतो." मॅडम म्हणाल्या, "तुम्हाले नातवंडं आहेत, काकाजी. जा." आणि ते गेले, एखाद्या पोरासारखे गेले! कडुनिंबाखालून सरळ दारातून आत दिसत होतं. मॅडम बाजेच्या एका अंगाला बसल्या होत्या, नळीच्या तोंडापुढून शरीर बाजूला ठेवून. त्यांनी कामटी नळीत हलके हलके सोडली. ती टेकली तिथं तोंडापाशी चिमटीत धरली, बाहेर काढली आणि नळीच्या वरून बाहेरच्या अंगानं लावून पाहिली. नळी रिकामी असेल तर कामटी कानापर्यंत पोचायला हवी. त्यांनी पुन्हा एकदा तसंच केलं. मग उठून दारात आल्या. "चार बोटं कमी भरते, काकाजी. आत बार आहे."

आबाजी मटकन खाली बसले. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "मी लेकरायले तिथं डोकं टेकवायले लावलं... माह्या हातानं..." आजी मोठ्यानं रडली. मी रडले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, पण भीतीनं नाही. माझ्या आज्याच्या आज्याच्या हातचा एक बार आमच्या घरात इतकी वर्षं जागा होता, आम्ही त्याच्यासमोर जेवलो, झोपलो, भांडलो, आणि बुटक्याशा एका बाईला तो एका कामटीनं दिसला. विद्या म्हणतात ती ही, असं मला त्या क्षणी वाटलं. आजही त्याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी मॅडमनी नळीत पेल्यानं पाणी ओतलं आणि बंदूक मेथीच्या ओल्या वाफ्यात भिंतीशी उभी करवली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ठाण्यावर गेल्या, आणि पोलिसांबरोबर एक म्हातारे बंदूक दुरुस्तीवाले आले. त्यांनी लांब सळईच्या टोकाला लावलेल्या आटेदार आकड्यानं आतला बार काढला. कान कशानं बुजलाय हेही त्यांनी दाखवलं. वर्षानुवर्षांचं तेल, कुंकू आणि उदबत्तीची काजळी. आमच्या पूजेनंच आम्हाला धोक्यात घातलं होतं आणि तिनंच वाचवलंही होतं. आतून आधी कापसाचा बोळा आला, मग शिशाची गोळी, मग काळा चिखल. बोळा वरून काळाकुट्ट होता. आबाजींनी तो बोटांनी उकलला, तर आत पांढरा कापूस! चांगला पांढरा, कालच वेचल्यासारखा. त्यांनी तो मॅडमच्या तळहातावर ठेवला. मॅडमनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "हा कापूस जिनं वेचला, तिचं नाव कोणाले माहीत आहे?" अर्थात कुणालाच माहीत नव्हतं. इतिहास मला त्या प्रश्नापासून आवडायला लागला.

माझ्या शाळेचा विषय आबाजींनी पुन्हा कधी काढला नाही. दहावी झाली, बारावी झाली, मी औषधनिर्माण शिकले, नोकरीला लागले. लग्नानंतर सिंदी मेघेला आले तर निवृत्त होऊन मॅडम तिथंच दोन गल्ल्या सोडून राहायला आलेल्या. एकट्याच असायच्या. मी भाजी घेऊन जायचे, त्या मला वर्तमानपत्रातल्या चुका दाखवायच्या. शेवटच्या भेटीत त्या बऱ्याच थकल्या होत्या, उशीला टेकून बसल्या होत्या. मी कधी न विचारलेलं विचारलं, "मॅडम, त्या दिवशी भेव नाई लागलं तुम्हाले?"

"लागलं ना! पण बंदुकीचं नाई." त्या हसल्या. "रिकामी निघाली असती तर? तुह्या आबाजीनं पुन्हा कोण्या मास्तरणीचं ऐकलं असतं का? अन् तुले शाळेत ठेवलं असतं? कामटी आत सोडताना मी देवाले म्हणून राह्यली होती, भरलेली निघू दे... आता सांग, असं कोणी मागते का?" आणि त्यांना खोकला आला, मी पाणी दिलं. निघताना म्हणाल्या, "येजो गं." मी म्हटलं, येते. पुढच्या आठवड्यात जायचं ठरवलंच होतं.

त्या बाईनं माझ्यासाठी काय मागितलं होतं, हे मला तिच्या मरणाच्या तोंडावर कळलं. तेव्हापासून छातीत काहीतरी अडकून होतं. ग्रुपवर लिहिता येत नव्हतं ते हेच.

यंदा दसऱ्याला माहेरी गेले. कानात शिसं ओतून, रीतसर कागदपत्रं करून ती बंदूक फार पूर्वीच घरी परत आलेली आहे. आबाजी जाऊन वर्षं झाली, पण जाण्याआधी त्यांनी घरात एक रीत घालून दिली. पूजेआधी नळीत कामटी सोडून पाहायची, आणि ती बाईनंच सोडायची. आधी आजी सोडायची, मग आई, अलीकडे वहिनी. रिकामी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सोडायची. यंदा आईनं कामटी माझ्या हातात दिली. "आज तू," एवढंच म्हणाली. मी बाजेच्या अंगाला बसले, दिवा विझवायला लावला, आणि काय झालं कोण जाणे, तोंडातून शब्द आले, "सगळे बाहेर जा. लिंबाखाली."

कुणी हसलं नाही. बाबा काठी टेकत उठले, भाऊ, वहिनी, लेकरं, सगळे निमूट बाहेर गेले. खोलीत मी एकटी उरले... मी कामटी हलके हलके आत सोडली. ती जात राहिली, जात राहिली, आणि अगदी तळाला लोखंडावर टक्‌ वाजली.