बंदुकीच्या परतीचा कागद

"जातो काय? येतो म्हण."

असं म्हणताना ती हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवायची आणि समोरचा माणूस नीट 'येतो' म्हणेपर्यंत ते उचलायची नाही. आपल्याकडे हे घरोघरी शिकवतात, त्यात नवल नाही. उंबऱ्यावरून मागे वळून तुम्हीही कधीतरी तो शब्द दुरुस्त केला असेल. पण मेलबर्नजवळ क्लेटनमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत, बंदूक घेऊन आफ्रिकेला शिकारीला निघालेल्या सहाफुटी गोऱ्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही.

ते दिवस विद्यार्थ्यांच्या लाटेचे होते. युनिव्हर्सिटीच्या आसपास दोन खोल्यांत सहा-सहा पोरं राहायची. मीही पुण्याहून मास्टर्स करायला आलेला त्यातलाच एक, आणि लेक्चर नसेल तेव्हा, पुढे शिक्षण संपल्यावरही, या एजन्सीत काम करायचो. आमचे शेठ आफ्रिकेत वाढलेले गुजराती. त्यामुळे दुकानाचे धंदे दोन. पोरांना मुंबईची तिकिटं विकायची आणि हौशी ऑस्ट्रेलियन शिकाऱ्यांना नामिबियाला पाठवायचं. एका भिंतीवर ताजमहाल, समोरच्या भिंतीवर पिळदार शिंगांच्या हरणाचं पोस्टर. ताजमहालाखाली मी बसायचो, हरणाखाली ती.

ती कराडची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून मी ताई म्हणायचो. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तीन वर्षांच्या मुलीला, चिऊला, तिने आईकडे ठेवलं आणि स्वयंपाकाच्या कोर्सला इकडे आली. ज्या बाईने लग्नाच्या पंगती रांधल्या होत्या तिला इथे मिसरूड फुटलेला पोरगा कांदा कसा चिरायचा ते शिकवत होता. ती हे स्वतःच हसून हसून सांगायची. पण कोर्स झाला की पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, आणि पीआर मिळाला की चिऊ आणि आई दोघी इकडे, असा तिचा बेत होता. त्या काळात आम्हा सगळ्यांचे बेत असेच सरळ असायचे.

बंदुकीतलं तिला आधी ओ की ठो कळत नव्हतं. दुकानात झुरळ निघालं तर मला हाक मारणारी बाई ती. पण शेठनी समजावलं आणि तिने ते मनावर घेतलं. रायफल कडक पेटीत, पेटीला कुलूप. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा काढून ठेवलेला. गोळ्या दुसऱ्या पेटीत, तिलाही कुलूप. विमानतळावर पोचल्यावर आधी तोंडाने सांगायचं की माझ्याकडे बंदूक आहे. हे ती शिकाऱ्यांकडून असं वदवून घ्यायची जसं काही उद्या त्यांची तोंडी परीक्षा आहे.

सगळ्यात जास्त तिचा जीव असायचा तो परतीच्या कागदात. बंदूक देशाबाहेर न्यायला एक परवानगी लागते आणि तीच आपली बंदूक परत घरी आणायला वेगळी. माणसं जायच्या उत्साहात दुसरी विसरतात, मग परत आल्यावर बंदूक कस्टम्समध्ये अडकून पडते. म्हणून ती उलटीकडून सुरुवात करायची. आधी परतीचा कागद, मग जायचा. शेठ वैतागायचे, "बेन, पहले टिकट तो निकालो!" ती ढिम्म हलायची नाही.

"जायचं काय, कुणीपण जातं," ती मला म्हणायची. "यायचं आधी बघावं."

केन हा आमचा नेहमीचा शिकारी. बायको गेल्यापासून एकटा राहणारा, गिप्सलँडकडे गाई पाळणारा म्हातारा. पहिल्यांदा आला तेव्हा कागद खिशात कोंबून "राइट, आय'म ऑफ" म्हणत उठला. तिने पेन खाली ठेवलं.

"नो नो, केन. नॉट ऑफ. से, येतो."

"यॅ टो?" केनने खाली वाकून स्वतःच्या बुटाकडे पाहिलं. "व्हॉट अबाउट माय टो?"

मी ताजमहालाखाली हसून हसून लोळायचा बाकी होतो. तिने मात्र शाळेतल्या बाईंसारखं गंभीरपणे समजावलं, की आमच्यात गोइंग म्हणत नाहीत, कमिंग म्हणतात, म्हणजे माणूस परत येतो. केनने पुन्हा एकदा बुटाकडे पाहिलं. मग हॅट काढून म्हणाला, "येटो." ती म्हणाली, "या." तेव्हापासून तो किराणा आणायला क्लेटनमध्ये आला तरी दारात डोकावून "येटो, लव्ह" म्हणून जायचा. आत न येताच येतो म्हणणारा माणूस मी तोच एक पाहिला.

दुपारी दुकान रिकामं असलं की ती कराडला फोन लावायची. तिकडे चिऊची शाळेची तयारी चाललेली असायची. ती काय बोलते ते मला ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं, दुकान होतंच तेवढं. शेवटी नेहमी "येते हं, चिऊ." सुरुवातीला पलीकडून "कधी?" असं यायचं. पुढे पुढे नुसतं "बरं."

एकदा फोन ठेवून ती हसायला लागली. "अरे, चिऊला मी काय वाटते माहितेय? मोठी बहीण! मी माझ्या आईला आई म्हणते ना फोनवर, तीही आजीला आईच म्हणायला लागलीय. दोघींची आई एकच. मग मी कोण? ताई!"

मी पण हसलो. तुम्ही समोर असता तर तुम्हीही हसला असता, इतक्या मजेत तिने सांगितलं. मग ती उठून चहा करायला आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

पुढे काय झालं ते त्या काळात इथे असलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. तिचं कॉलेज एका सकाळी बंद झालं, दाराला नोटीस लावून. दुसऱ्या कॉलेजात कसाबसा कोर्स पुरा केला तोवर पीआरचे नियम बदलले. तिचा अर्ज लटकला. ज्या तात्पुरत्या व्हिसावर ती थांबली होती त्यावर देश सोडता येत होता, पण परत येता येत नव्हतं. वकिलाने तिला स्पष्ट सांगितलं, बाहेर पाऊल टाकलंस की इतक्या वर्षांचं सगळं संपलं.

"बघ ना," ती केनची फाईल हलवत मला म्हणाली, "याच्या बंदुकीला परतीचा कागद आहे. मला नाही."

तिने विनोद म्हणून सांगितलं होतं. मला तो आजही सहन होत नाही. मला राग येतो, सरकारचा, त्या पळून गेलेल्या कॉलेजवाल्यांचा, आम्हा सगळ्यांच्या त्या सरळ बेतांचा.

ती थांबली. पुढच्या महिन्यात निकाल लागेल, मग पुढच्या. चिऊ तिसरीत गेली. मधे आईला धाप लागायला लागली. ती फोनवर औषधांची नावं विचारायची आणि म्हणायची, "आई, थोडंच राहिलंय गं. दोघींना एकदमच बोलावते."

त्या दिवशी केन समोर बसला होता. दुसऱ्या दिवशीचं त्याचं विमान, शेवटची उजळणी चालली होती. फोन वाजला. कराडचे शेजारचे काका होते. ती ऐकत राहिली. "कधी?" म्हणाली. "बरं," म्हणाली. "चिऊ कुठंय?" म्हणाली. मग फोन ठेवून केनकडे वळली.

"बोल्ट आउट, केन? अ‍ॅमो सेपरेट?"

"येस, बॉस."

"रिटर्न पेपर?"

त्याने खिशातून काढून दाखवला. तिने तो हातात घेतला, पहिल्यांदा पाहत असल्यासारखा वाचला आणि परत दिला. केन उठून "येटो" म्हणाला. ती "या" म्हणाली. दार बंद झालं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई गेली रे माझी."

शेठनी दुकानाचं शटर ओढून घेतलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण माणूस व्यवहारी, म्हणाले, "बेन, रुक जाओ. इतने साल रुकी हो. बच्ची को थोडे दिन मामा के पास रखो." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. तिलाही वाटलं असावं. तिने चिऊशी बोलायला पुन्हा फोन लावला, बहुतेक तेच सांगायला.

तो फोन फार लवकर संपला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"मला म्हणाली, 'आई गेली.' " तिने रिसीव्हर धरूनच ठेवला होता. "मला म्हणते, आई गेली! अरे, मी आहे ना? मी कुठे गेलेय?"

मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या त्या हरणाखाली बसून, तोंडावर ओढणी दाबून, लहान मुलीसारखी रडली. शेठनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला. थोड्या वेळाने डोळे पुसून तिने मला सांगितलं, "तिकीट काढ." मी सवयीने विचारलं, "रिटर्न?" आणि माझी जीभ झडली तर बरं असं मला झालं. ती शांतपणे म्हणाली, "नाही. एकेरी."

विमानतळावर तिला सोडायला मी गेलो. एवढ्या वर्षांचा संसार एका बॅगेत मावला होता, वर चिऊसाठी कोआलाचं एक खेळणं, मुलगी तिसरीत गेली तरी तीन वर्षांच्या मुलीला शोभेलसं. मोठ्या सामानाच्या खिडकीशी ती जरा थांबली. तिने कितीतरी बंदुका या खिडकीतून पाठवल्या होत्या, पण खिडकी प्रत्यक्ष पाहत होती आज पहिल्यांदा.

"इथून जातात होय," ती म्हणाली. "आणि सगळ्या परत येतात."

आत जायच्या दारापाशी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नीट राहा. जेवत जा. जाते मी."

"ताई, येते म्हण," मी म्हणालो.

"खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली आणि आत गेली.

कुणी 'येते' म्हटलं की 'ये' म्हणता येतं. 'जाते' म्हटल्यावर काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

काही दिवसांनी मी कराडला फोन केला. ताईचा आवाज बरा वाटला. चिऊ उंच झालीय म्हणाली, "माझ्यासारखीच दिसते," म्हणाली. मग म्हणाली, "फोनवर मला तू म्हणायची रे. समोर आल्यापासून तुम्ही म्हणते. 'तुम्ही जेवलात का?' विचारते." मी म्हटलं, होईल ताई, सवय होईल. ती म्हणाली, "हो, होईलच." पुढे त्या नंबरवर कुणी उचलेना. चिऊच्या मामाने त्या दोघींना घेऊन घर बदललं असं शेठना कुणीतरी सांगितलं, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं.

केन आफ्रिकेहून परतला तो थेट दुकानात आला. उन्हाने लाल झालेला. बंदूक सुखरूप घरी आली, कुठेही अडली नाही, हे त्याला तिला सांगायचं होतं. हरणाखालची खुर्ची रिकामी पाहून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तिची आई वारली, ती इंडियाला गेली.

त्याने हॅट काढून हातात घेतली. मग म्हणाला, "जाताना ती ते म्हणाली ना, मेट? द टो थिंग?"

"म्हणाली," मी सांगितलं.

"देन शी विल बी बॅक," केन म्हणाला. चेहरा एकदम निवळला त्याचा. हॅट डोक्यावर घालून तो दारापर्यंत गेला, वळला आणि तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "येटो, लव्ह."

तिच्याऐवजी मीच "या" म्हणालो.