छावणीतली न दुखणारी माणसं

डॉ. रत्नमाला हिवराळे यांना लहानपणापासून एक खोड होती. 'का?' हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पस्तीस वर्षं कॅन्सरचे रुग्ण तपासून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता बाई बजाजनगरच्या गच्चीत झाडं लावून गप्प बसतील. झाडं लावली, पण महिन्याभरात सगळी मेली. तेवढ्यात छावणीत माजी सैनिकांसाठी चालणाऱ्या एका छोट्या दवाखान्यात कॅन्सरचं बघायला डॉक्टर नाही, असं कानावर आलं आणि बाईंनी आपला बुधवार तिथं देऊन टाकला. मोबदला म्हणाल तर दोन कप चहा. तोही सुभेदार बद्रीनाथांच्या हातचा, म्हणजे निव्वळ साखरेचा पाक. हे बद्रीनाथ स्वतः निवृत्त फौजी. दवाखान्यात फायली लावायचं आणि नंबर पुकारायचं काम तेही हौसेनंच करत.

बाईंच्या नात्यागोत्यात कुणी फौजेत नव्हतं. त्यामुळे इथलं सगळंच त्यांना नवलाचं. दहाची वेळ दिली की ही माणसं पावणेदहालाच का हजर होतात, फायलीतला एक कागदसुद्धा मागेपुढे का नसतो, त्या सगळं विचारत आणि बद्रीनाथ सांगत. एक गोष्ट मात्र उलगडत नव्हती. बाईंच्या जुन्या रुग्णालयात माणूस खुर्चीत बसायच्या आधीच कण्हायला लागायचा. इथं दोन वर्षांत एकाही फौजीनं 'दुखतंय' म्हटलं नव्हतं. हाडात गाठी असोत की पोटात पाणी, माणूस ताठ बसून सांगणार, "एकदम ठीक, मॅडम." सुरुवातीला बाईंना याचं कौतुक वाटलं होतं. औषध लागू पडतंय, असं समजून त्या खूशही झाल्या होत्या.

जानेवारीतल्या एका बुधवारी गंगापूरचे हवालदार कारभारी आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता, इंजेक्शनं चालू होती. दर महिन्याला बायकोला, भागूबाईंना घेऊन यायचे. तिला बाहेर बाकावर बसवून स्वतः एकटेच आत यायचे.

"पाठ, कंबर? काही दुखतंय?"

"नाय मॅडम, एकदम ठीक."

बाईंनी फायलीत 'वेदना नाही' असं लिहिलं. गेल्या तीन खेपांनाही त्यांनी हेच लिहिलं होतं. हवालदार उठले आणि बाईंची नजर त्यांच्या पायांकडे गेली. या माणसाच्या पायात कायम पॉलिश केलेले, लेस घट्ट बांधलेले बूट असायचे. आज चपला होत्या.

"बूट कुठं गेले?"

"ऊन लई हाये मॅडम. पाय तापत्यात."

बाहेर इतकी थंडी होती की बद्रीनाथ कानटोपी घालून बसले होते. हवालदार चप्पल घासत बाहेर पडले आणि बाईंना काही स्वस्थ बसवेना. त्यांनी बद्रीनाथांना आत बोलावलं. "सुभेदारसाहेब, खरं सांगा. तुम्हा लोकांना दुखतच नाही का हो?"

बद्रीनाथ हसले. "दुखतं की. पण नोकरीत असताना दुखतंय म्हटलं, की डॉक्टर तब्येतीची कॅटेगरी खाली आणायचा. कॅटेगरी गेली की बढती गेली, जास्तच असलं तर नोकरी गेली. वीस-पंचवीस वर्सं डॉक्टर दिसला की 'ठीक आहे' म्हणायचं. आता पेन्शन चालू हाये, कुणी काय बी करत नाय, पण तोंडातून तेच निघतं."

दोन वर्षं बाई या उत्तरांवर विसंबून औषधं देत होत्या. स्वतःचा इतका संताप आला की हातातलं पेन त्यांनी टेबलावर आपटलं. "त्या हवालदारांना थांबवा आधी!"

बद्रीनाथ कानटोपीसकट पळाले. गंगापूरच्या जीपमध्ये चढता चढता हवालदारांना त्यांनी गाठलं आणि दोघा नवराबायकोला परत आणलं. या खेपेला बाईंनी भागूबाईंनाही आत बसवून घेतलं.

"फौजेत काय करायचात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"ड्रायव्हर व्हतो. मोठी गाडी."

"सकाळी उठून गाडीचं काय करायचं?"

हवालदार खुलले. "फर्स्ट परेड! तेल, पाणी, टायर, ब्रेक, सगळं बघायचं. काय बिघाड आसंल तर वर रिपोर्ट द्यायचा. त्याबिगर गाडी हलवायची नाय."

"आणि बिघाड लपवला तर?"

"लपवायचा कसा?" हवालदारांचा आवाज चढला. "घाटात गाडी गेली तर मागं बसलेले वीस जवान जातेत! त्यो गुन्हा हाये, मॅडम."

"मग ह्या गाडीची फर्स्ट परेड लावा," बाई त्यांच्या छातीकडे बोट करून म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

हवालदार खुर्चीला धरून कष्टानं उभे राहिले, समोरच्या भिंतीकडे बघत रिपोर्ट देऊ लागले. "कंबर, मॅडम. गणपतीपासून. आडवं पडलं की जास्त. वाकता येत नाय, म्हणून बूट बांधता येत नाय. डावा पाय आठ दिवसांपासून वढतोय. त्याला गरम-गार कळत नाय."

"आवो, परवा चुलीपाशी पाय भाजला, तवा म्हणले ध्यान नव्हतं," भागूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं संसार केला मी ह्यांच्यासंगं. मला तरी सांगायचं व्हतं की!" त्या पदरात तोंड घालून रडू लागल्या.

त्याच दुपारी हवालदारांना मोठ्या रुग्णालयात भरती केलं, तिथं एमआरआय झाला. कॅन्सर मणक्यात उतरून मज्जारज्जूवर दाब देत होता. अजून दोन-चार दिवस गेले असते तर पाय कायमचे गेले असते. तातडीनं औषध सुरू झालं आणि दुसऱ्या दिवसापासून रेडिएशनचा शेक. दहा दिवस बाई रोज वॉर्डात जाऊन बसायच्या. त्यातला एकच बुधवार होता, पण आता वारांचा हिशेब कोण ठेवतो. डावा पाय पहिल्याच रात्री लुळा पडला; पाच दिवस तो जागचा हलेना आणि बाईंना झोप लागेना. सहाव्या दिवशी अंगठा हलला. दहाव्या दिवशी वॉकर धरून हवालदार खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. बाईंनी चारचौघांत टाळ्या वाजवल्या.

हवालदार कॉटवर टेकले, दम घेतला आणि म्हणाले, "मॅडम, मी खरा रिपोर्ट दिला. आता तुमी द्या. किती दिवस हायेत माह्याकडं?"

'बघू, औषधाचा काय फरक पडतो ते,' हे वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. पस्तीस वर्षं हजारो माणसांना त्यांनी तेच ऐकवलं होतं. आज ते बोलायची त्यांना लाज वाटली. त्यांनी स्टूल ओढून घेतलं.

"एक वर्ष. फार तर दीड," त्या म्हणाल्या. "पाय चालत राहतील असं वाटतं, पण खात्री देत नाही. दुखणं कमी ठेवणं माझ्या हातात आहे, ते मी करीन."

वॉर्डात कुणाच्या तरी डब्याचं झाकण खाली पडलं. हवालदारांनी मान हलवली. "बरं केलं सांगितलं." मग ते बायकोकडे वळले.

"भागू, मला लई भ्याव वाटायलंय गं."

"मला बी," भागूबाई म्हणाल्या आणि सरकून त्यांच्याजवळ कॉटवर बसल्या.